लाल विहिरीतली भागीरथीबाई

भागीरथीबाई पहिल्यांदा भूत झाल्या त्या एका नटीला गोवर आला म्हणून.

साल चोपन्न. बेंगळुरात पेठेच्या पलीकडच्या मैदानात बनशंकरी नाटक मंडळीचा तंबू उभा होता आणि बाई तिथे कपडेपटात शिवणकाम करत होत्या. वय चौतीस. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, राहणं चिकपेटेत भावाकडे. भाऊ दामोदर, धंद्याने शिंपी. घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळूरचं. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि भांडणात दोन्ही.

मंडळीचे मालक यल्लाप्पा यांनी त्या वर्षी एक युक्ती काढली होती. नाटकाचं नाव ‘केंपु बावी’, म्हणजे लाल विहीर, आणि दर शनिवारी त्याचा नवा भाग. एका ओसाड बंगल्यात दर खेपेला कुणी पाहुणा उतरायचा. कधी कलेक्टर, कधी वैद्य, कधी मिशीला तूप लावलेला जमीनदार. पडदा पडायच्या आत विहिरीतली बाई वर येऊन त्याचा गळा दाबायची. बंगल्याचा म्हातारा पहारेकरी आणि विहिरीतली बाई ही दोन कामं कायमची. पाहुण्याच्या कामाला मात्र बाहेरून नावाजलेला नट आणायचा आणि हँडबिलावर त्याचं नाव विटेएवढ्या अक्षरांत छापायचं. लोक यायचे भूत बघायला. यल्लाप्पांची समजूत अशी, की नट बघायला येतात. माणूस मालक झाला की समजूत पक्की होते.

गोवराच्या दिवशी ते कपडेपटात आले. “अक्का, भुताचा झगा तुम्हीच शिवलाय. तुम्हाला बसेल. बोलायचं काही नाही. वर यायचं, गळा दाबायचा, खाली जायचं. स्वल्प सांभाळून घ्या.”

न बोलता उभं राहायची सवय बाईंना भावाच्या घरी पुरेशी झाली होती. त्या केस तोंडावर सोडून, झगा घालून विहिरीच्या खोक्यात उतरल्या.

आधीची नटी वर यायची ती किंचाळत, हात नाचवत, अंगात आल्यासारखी. बाईंना ते जमणार नव्हतं आणि आवडतही नव्हतं. त्या एकेक पायरी चढून वर आल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. पाहुण्या नटाच्या कॉलरची टीप उसवली होती. ही कुणी घातली, आपण की हाताखालच्या पोरीने, एवढंच त्या केसांआडून निरखून बघत होत्या. पुढे चटईवर बसलेली एक बाई पोर काखेत मारून बाहेर पळाली. नट तर आपलं शेवटचं भाषण विसरला आणि बाईंचा हात गळ्याला लागायच्या आतच आडवा झाला.

पडदा पडल्यावर यल्लाप्पा म्हणाले, “पुढच्या शनिवारी पण तुम्हीच.”

“आणि कपडे कोण शिवणार?”

“तेही तुम्हीच.”

अशी आठ वर्षं गेली. हँडबिलावर बाईंचं नाव कधी आलं नाही. भुताला नाव दिलं तर लोक घाबरणार नाहीत, असं यल्लाप्पा म्हणत, आणि बाईंनाही ते सोयीचं होतं. घरी त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. शनिवारी तंबूत शिवण जास्त असते, एवढंच भावजय विमलाला ठाऊक.

एकदा तर दामोदर स्वतःच खेळ बघून आला. जेवायला बसला तो दाराकडे तोंड करून.

“ताई, काय सांगू! ती विहिरीतली बया माझ्याचकडे बघत होती. बाई नसणार ती. कुणीतरी आंध्रातला मांत्रिक आणलाय.”

“सार वाढू?” बाईंनी विचारलं.

“हात बघितले असतेस तिचे! असे थंडगार!”

“लांबून कळलं तुला, थंडगार ते?”

“तुला काय कळतंय नाटकातलं,” दामोदर म्हणाला आणि सार भुरकू लागला. बाईंनी त्याच हाताने त्याला आणखी भात वाढला.

बाईंना मनापासून तिटकारा होता तो पाहुण्या नटांचा. आठ वर्षांत त्यांनी शेकड्यांनी मारले आणि एकाचीही हळहळ वाटली नाही. एक यायचा तो स्वतःची खुर्ची घेऊन, जणू मंडळीत माणसं उभ्यानेच मरतात. एकाला मरताना तोंड प्रेक्षकांकडे हवं असे, मग बाईंना गळा मागून दाबावा लागे आणि शिंक्यावरचं मांजर उतरवल्यासारखं दिसे. एका मैसूरच्या गृहस्थांनी गळा दाबल्यावर म्हणायचं सात कडव्यांचं पद बसवून आणलं होतं. बाईंनी तिसऱ्या कडव्याला खरंच थोडं दाबलं. शिव्या विंगेत द्यायच्या आणि रंगमंचावर देवाचं नाव घ्यायचं, ही तर सगळ्यांचीच रीत.

पहारेकऱ्याचं काम करणारे कृष्णमूर्ती तेवढे बाईंच्या पसंतीचे. सरकारी कचेरीत कारकून, संध्याकाळी इथे. दर शनिवारी दिवा धरून ते एकच वाक्य म्हणत, “या साहेब, खोली झाडून ठेवलीय,” आणि दर वेळी ते असं म्हणत, की खोली कशासाठी झाडलीय ते लोकांना कळे. त्यांचं नाव हँडबिलावर तळाशी, छापखान्याच्या नावाशेजारी.

बासष्ट साली सुधींद्रकुमार आले. सिनेमातले हीरो. खरं नाव सुधींद्र. कुमार पाठीमागून चिकटलेलं, चाळिशी उलटल्यावरही निघालं नव्हतं. त्यांना बघायला मैदानाच्या फाटकापासून गर्दी. कोटाचं माप द्यायला ते कपडेपटात आले तेव्हा पोट आत ओढून उभे राहिले. बाई फीत धरून शांतपणे थांबल्या. माणूस किती वेळ श्वास धरील? शेवटी पोट बाहेर आलं आणि बाईंनी माप घेतलं.

“ए टेलरबाई, खांद्यात कापूस भर,” ते म्हणाले. “आणि ते भूत कोण करतं? त्याला सांग, माझ्या अंगाला हात लावायचा नाही.”

“सरी, बरं,” बाई म्हणाल्या.

तालमीला खरी गोष्ट बाहेर पडली. सुधींद्रकुमार मरणार नव्हते. पडद्यावर ते कधी मेले नव्हते, मग तंबूत कसे मरतील? चाहते तंबू जाळतील, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा शेवटी त्यांनी त्रिशूळ उगारायचा, भुताने त्यांच्या पायावर डोकं ठेवून क्षमा मागायची आणि त्यांनी भुताला मुक्ती द्यायची.

“मग पुढच्या शनिवारी काय?” कृष्णमूर्तींनी विचारलं. “भुताला मुक्ती मिळाली तर मी खोली झाडू कुणासाठी?”

“नंतरचं नंतर,” यल्लाप्पा म्हणाले. त्यांची नजर हीरोच्या मोटारीवर होती.

बाईंना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा राग आला. पोटापाण्याचं काम, उभं राहा म्हटलं की उभं राहायचं, पड म्हटलं की पडायचं. पण पाय धरायचे ते या कापसाच्या खांद्यांचे! घरी जाताना त्या कृष्णमूर्तींना म्हणाल्या, “आठ वर्षं मी भल्याभल्यांना मारलं. निदान ते मरायला तरी यायचे. हा आलाय पूजा करवून घ्यायला.”

“मग काय करणार, अक्का?”

“काय करणार! पडेन. मालकांनी सांगितलंय.”

आणि त्या खरंच पडल्या. शनिवारी सहाचा खेळ, तंबू फाटेल इतकी गर्दी. सुधींद्रकुमारांनी त्रिशूळ उगारला, भाषण ठोकलं, त्यात स्वतःच्या दोन सिनेमांची नावं गुंफली. विहिरीतली बाई वर आली, गुडघे टेकले आणि कपाळ त्यांच्या बुटांवर ठेवलं. बुटांना नव्या पॉलिशचा वास येत होता. त्यांनी आशीर्वादाचा हात वर केला आणि टाळ्यांची वाट पाहत थांबले.

टाळ्या आल्या नाहीत. चटईवरून कुणीतरी, आवाजावरून म्हातारी असावी, ओरडली, “एळक्का! ऊठ गं बाई!” मग दुसरीकडून, “एळक्का!” हळूहळू सगळा तंबू. यातली निम्मी माणसं आठ वर्षं दर शनिवारी येत होती. त्यांच्या भुताने कुणाचे पाय धरलेले त्यांना चालेना. मग मागच्या बाकांवरून हाक आली, “वन्स मोर!”

आता नाटक मंडळीत वन्स मोर म्हणजे मालकापेक्षा मोठा हुकूम. वन्स मोर आला की मेलेला राजासुद्धा उठून पद पुन्हा म्हणतो आणि पुन्हा मरतो. बाईंनी डोकं उचललं. विंगेत यल्लाप्पा दोन्ही हातांनी नको नको करत होते. दिवा घेऊन उभे असलेले कृष्णमूर्ती मात्र नेहमीच्या आवाजात म्हणाले, “साहेब, खोली झाडून ठेवलीय.”

बाई उठल्या. नुसत्या उभ्या राहिल्या, नेहमीसारख्या.

सुधींद्रकुमारांनी त्रिशूळ पुन्हा उगारला. बाई हलल्या नाहीत. हीरोंनी भाषणाचं पहिलं वाक्य म्हटलं, मग तेच पुन्हा म्हटलं. मग हळूच कुजबुजले, “पड ना!” बाई एक पाऊल पुढे आल्या. पडद्यावर वीस गुंडांना लोळवणारा माणूस मागे सरकला, त्रिशूळ हातातून सुटला आणि तोंडातून जो आवाज निघाला तो कुठल्याही सिनेमात कुणी ऐकला नव्हता. बाईंनी त्यांच्या अंगाला हात लावला नाही. तसं सांगितलं होतं ना! त्यांनी फक्त हात पुढे केला. हीरो आपणच बसले, मग आडवे झाले, आणि पडदा पडेपर्यंत डोळे मिटून पडून राहिले. त्यांच्या आयुष्यातला तेवढाच चांगला अभिनय.

तंबू कुणी जाळला नाही. पुढच्या शनिवारी तिकिटं दुपारीच संपली. सुधींद्रकुमार मात्र त्याच रात्रीच्या दुसऱ्या खेळालाही थांबले नव्हते. त्यांच्या अंगात ताप भरल्याचं कळवण्यात आलं.

यल्लाप्पांची समजूत एका रात्रीत बदलली. नवं हँडबिल निघालं, त्यात विटेएवढ्या अक्षरांत ‘भागीरथम्मा’. आठ वर्षांनी नाव आलं तेही अर्धं चुकीचं. चिकपेटेत ते हँडबिल दामोदरच्या दुकानाच्या दारालाच चिकटवलेलं. कुणी गिऱ्हाइकाने विचारलं, “ही तुमचीच ताई ना?”

दामोदर घरी आला तो लालबुंद. “विधवा बाई, आणि तंबूत केस सोडून नाचतेस?”

“नाचत नाही. उभी राहते.”

“लोक काय म्हणतील?”

“एळक्का म्हणतात.”

“आजपासून बंद! नाहीतर या घरात राहायचं नाही.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. केस नीट बांधलेले होते, कपाळ उघडं होतं, पण बघणं तेच. दामोदरने ते ओळखलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि तो खाटेवर बसला. बाईंना हसू आलं नाही. एवढा मोठा माणूस, आपल्याच बहिणीला घाबरतो, याची शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिवणयंत्र हातगाडीवर घातलं आणि कॉटनपेटेत एक खोली घेतली. दामोदर अडवायला आला नाही. विमला मात्र पुढच्या शनिवारी शेजारणीला घेऊन चटईवर येऊन बसली, आणि भूत वर आल्यावर सगळ्यांत मोठ्याने तीच किंचाळली.

पुढे चार-पाच वर्षं खेळ चालला. मग लोकांना सिनेमा जास्त आवडू लागला. लोकांचं काय, त्यांना कशाचंही वेड लागतं. यल्लाप्पांनी तंबूत पडदा टांगून सिनेमा सुरू केला आणि बाईंना म्हणाले, “अक्का, तिकिटाच्या खिडकीत बसा. लोक तुम्हाला ओळखतात.”

“खिडकीत मला कशाला बसवता,” बाई म्हणाल्या. “एखादा हीरो बसवा. त्यांना बसून दाखवायची सवय असते.”

त्या कॉटनपेटेत ब्लाउज शिवत राहिल्या. कृष्णमूर्ती पेन्शनीत निघाल्यावर अधूनमधून कॉफीला यायचे, आणि दोघं मिळून मेलेल्या पाहुण्यांची नावं आठवायची. बरीचशी दोघांनाही आठवत नसत. गिऱ्हाइकं भरपूर होती. बायका लांबून यायच्या, माप देताना जरा जपून उभ्या राहायच्या, आणि शिलाईच्या दरावरून घासाघीस करायला सहसा कुणी धजत नसे.