बायकोच्या मीटिंगमध्ये माझी लेव्हल

माझ्या बायकोला चुका काढायचा पगार मिळतो.

हेच काम ती आमच्या घरी लग्नापासून करत होती, पण तेव्हा ते फुकट होतं.

मी लादी बसवणारा मिस्त्री. जालन्याकडून आलो, नवी मुंबईत कोपरखैरण्याला बोनकोडे गावाजवळ राहतो. संगीता माझ्याच हाताखाली काम करायची. माल कालवायची, डोक्यावर लाद्या घेऊन जिने चढायची. पुढे तिचा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, ओझं बंद. त्याच सुमारास आमच्या विहारात पोरांनी बायकांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग काढला होता. ही बारावी पास. "घरी बसून काय करू, जाते," म्हणाली. मी म्हणालो, जा. (मला वाटलं, आठवड्यात कंटाळेल.) खांदा शेकत शेकत ती शिकत राहिली आणि डिग्री नसताना बेलापूरच्या एका छोट्या कंपनीत लागली. कंपनी मोबाइलची ॲप बनवते. ॲप लोकांच्या हातात जाण्याआधी संगीता ते वापरून बघते आणि कुठे काय बिघडलंय ते कळवते. याला टेस्टिंग म्हणतात.

मला आनंद झाला. पहिला आठवडा तरी झाला. मग ती अधूनमधून घरून काम करू लागली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

सगळ्यात आधी माझ्या आईनं पार्टी बदलली. हीच आई "सुनेला भाकरी थापता येत नाही" म्हणून गावभर सांगायची. एकदा मी संध्याकाळी अंगभर सिमेंट घेऊन घरी आलो, तर ती दारात आडवी उभी.

"आत येऊ नको. सूनबाईची मिटिंग चालूय."

"मग मी कुठं जाऊ?"

"जिन्यात बस की."

जिन्यात बसलो. वरच्या मजल्यावरच्या काकू खाली उतरत होत्या. थांबून म्हणाल्या, "कुणाकडे काम काढलंय, भाऊ?"

"मी इथंच राहतो, काकू."

"हो का? संगीता मॅडमच्या शेजारी का?"

त्याहून वाईट म्हणजे अनिकेत सर. हा तिचा साहेब. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा, पण आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, याच्या घरी कधी कुणी भांडलंच नाही. एकदा लॅपटॉपमधून म्हणाला, "ग्रेट कॅच, संगीता." नुसतं 'संगीता' मीसुद्धा म्हणत नाही. 'अगं' म्हणतो.

जेवताना मी विचारलं, "कॅच म्हणजे काय पकडलंस?"

"चूक."

"कुणाची?"

"त्यांचीच."

"आणि तो खूश झाला?"

"मग? कामच आहे ते."

स्वतःची चूक दाखवल्यावर खूश होणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. तो माझ्या मनातून तिथेच उतरला.

मग तो दिवस आला. साइटवर माल आला नव्हता म्हणून मी घरी होतो. संगीता लॅपटॉप तसाच उघडा ठेवून कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. मी सहज जाऊन बसलो. समोर त्यांच्या ॲपचं पान होतं. मनात आलं, बारावी पास बाई चूक काढते, तर आपणही काढू. आपली नजर काय कमी आहे?

आणि मला चूक दिसली. सगळं पान डावीकडे उतरतं होतं.

मी पिशवीतून लेव्हल काढली. (काचेत बुडबुडा असलेली पट्टी. बुडबुडा मधे थांबला तर काम सरळ.) स्क्रीनवरच्या रेघेला लावली. बुडबुडा उजवीकडे पळाला. खालच्या बटणाला लावली, तिथेही पळाला. एवढा आनंद मला मुलगी झाली तेव्हा झाला होता.

बाजूला अनिकेत सरांशी बोलायची खिडकी उघडीच होती. इंग्रजी अक्षरं शोधत शोधत मी मराठीत लिहिलं: सगळं पान वाकडं आहे. डावीकडे उतार आहे. पाणी टाकलं तर डावीकडे जाईल. तोडून परत करा.

आणि पाठवलं. संगीताच्या नावानं, अर्थात.

ते ॲप त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाला द्यायचं होतं, हे मला माहीत नव्हतं. लगेच लॅपटॉप वाजायला लागला. बंद करायला म्हणून मी एक बटण दाबलं, तर ते कॉल घ्यायचं निघालं. समोर चौकटी चौकटींत इस्त्रीचे शर्ट घातलेली पोरं, आणि मी बनियनवर, हातात लेव्हल.

"आपण कोण?" अनिकेत सर म्हणाले.

नवरा म्हणायला काय हरकत होती? पण ते शर्ट बघून माझी जीभ फिरली. "मी संगीताचा सीनियर." (साइटवर होतोच.)

सर सावरून बसले. "म्हणजे क्लायंटकडून का, सर?"

मला कुणीतरी सर म्हणालं. मी मान डोलावली.

"उतार म्हणजे अलाइनमेंट ना, सर?"

"तेच ते."

सगळ्यांनी माना तिरक्या करून आपापल्या स्क्रीनकडे पाहिलं. एक पोरगा म्हणाला, "सर, मला पण थोडं वाकडं वाटतंय." तेवढ्यात मागून आई आली आणि स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाली, "तुला बी घेतलं का रं त्यांनी?"

तिच्यामागे रिकामी बादली घेऊन संगीता उभी होती.

ती ओरडली नाही. तिनं माझ्या हातातली लेव्हल घेतली, टेबलावर ठेवली. बुडबुडा उजवीकडे गेला. मग जमिनीवर ठेवली. तिथेही गेला.

"अहो, ही फरशी कुणी बसवली?"

ती स्क्रीनकडे वळली. "सर, पान सरळ आहे. आमचं घर वाकडं आहे. हे माझे मिस्टर."

तिची नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. मनात आलं, काढलं तर उद्यापासून परत माझ्याबरोबर साइटवर येईल, आणि क्षणभर बरंही वाटलं. मग ती लाद्या घेऊन जिना चढताना खांदा कसा धरायची ते आठवलं आणि जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. तिला कुणी काढलं नव्हतं. त्यांना माझ्याशी बोलायचं होतं. त्यांच्या खारघरच्या नव्या फ्लॅटमध्ये बाथरूममध्ये पाणी साचत होतं.

मी गेलो. जुनी लादी काढली, उतार नीट दिला, जीव ओतून काम केलं. शेवटच्या दिवशी संगीता ऑफिसमधून परस्पर तिथे आली. तिनं बादलीभर पाणी ओतलं आणि वाकून बघत राहिली. पाणी गुमान जाळीत गेलं. "चालेल," ती म्हणाली.

अनिकेत सरांचा चेहरा फुलला. "संगीता, तुमच्यामुळे काम एकदम चोख झालं."

मी कोपऱ्यात थापी धूत होतो. तिथूनच म्हणालो, "थँक यू, सर."