एकशेसत्तर गोळ्यांची नोंद

पिंपळखेडच्या जिल्हा परिषद शाळेत मी चौदा वर्षांपासून शिकवतो. दर्यापूर तालुक्यातलं, खारपाण पट्ट्यातलं हे गाव. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. त्यामुळे कोणाच्या किडनीचं काही निघालं की गाव एका शब्दात निकाल लावतं, पाणी. ज्योत्स्ना सिरसाटला हा निकाल ऐकला की चीड येते. पाणी खराब आहेच, ती म्हणते, पण सगळं पाण्यावर ढकललं की बाकीचे सगळे सुटतात. त्या बाकीच्यांत ती स्वतःलाही धरते.

ज्योत्स्ना शेजारच्या गावची. बारावीनंतर नर्सिंगचा छोटा कोर्स केलेली. नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान, एक मुलगी. २०१६ साली अकोल्याच्या डॉक्टरांच्या एका चमूनं आमच्या भागातल्या चार गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा तिला घरोघर फिरायचं काम मिळालं. अर्ध्या बायकांना नेहमीची लोह आणि फोलिक ॲसिडची गोळी, अर्ध्यांना तीच गोळी, पण वर जस्त, अ जीवनसत्त्व आणि आणखी काही पोषकद्रव्यं घातलेली. चमूचे प्रमुख डॉ. शेखर यांनी पहिल्या दिवशी जे समजावून सांगितलं ते ज्योत्स्नाला आजही पाठ आहे. बाळाच्या किडनीत रक्त गाळणाऱ्या लाखो बारीक गाळण्या असतात. त्या आईच्या पोटातच तयार होतात. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मलं की त्यानंतर एकही नवी गाळणी तयार होत नाही. जे मूल कमी घेऊन येतं, ते जन्मभर कमीवरच भागवतं. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं होतं की आईला लोह, जस्त किंवा अ जीवनसत्त्व कमी पडलं तर पिल्लांच्या गाळण्या कमी होतात. माणसांत काय होतं, हे बघायचं होतं.

ज्योत्स्नानं हे काम मनावर घेतलं. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं, नवीन पाकीट द्यायचं, जुनं रिकामं पाकीट बघायचं आणि किती गोळ्या घेतल्या तो आकडा वहीत लिहायचा. उन्हात स्कूटीवर फिरून तिचा चेहरा रापला. बाळं जन्मली, वजनं झाली, अभ्यासाचा पहिला भाग संपला आणि ती एका खाजगी दवाखान्यात कामाला लागली.

गेल्या वर्षी जुलैत चमू परत आला. अभ्यासातली दोनशे बारा पोरं आठ वर्षांची झाली होती आणि आता त्यांच्या किडन्या तपासायच्या होत्या. ज्योत्स्नाला पुन्हा बोलावलं गेलं. आमच्या शाळेच्या वर्गात सोनोग्राफीचं यंत्र लावलं, व्हरांड्यात बीपी मोजायला टेबल मांडलं, आणि ज्योत्स्ना एकेका पोराच्या हातात लघवीची डबी देत नावं पुकारत होती. पोरं खिदळत होती. माझ्या तिसरीतली खुशी तेवढी शांत उभी होती.

आठवड्यानं खुशीचा रिपोर्ट आला. लघवीत प्रथिनं जात होती, म्हणजे गाळण्यांवर ताण होता, आणि दोन्ही किडन्या वयाच्या मानानं लहान. ज्योत्स्नानं जुनी नोंद काढली. खुशीची आई रागिणी दुसऱ्या गटातली, म्हणजे जास्तीची पोषकद्रव्यं असलेल्या गोळ्यांची. एकशेऐंशीपैकी एकशेसत्तर गोळ्या घेतल्याची नोंद होती. अक्षर ज्योत्स्नाचंच.

ती रिपोर्ट घेऊन रागिणीच्या घरी गेली, सोबत मला घेऊन गेली, कारण मी खुशीचा मास्तर. रागिणीनं कागद हातात घेतला आणि घडी घालून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "ताई, एक सांगू काय? म्या त्यातली एक बी गोळी घेतली नोयती."

"एक बी?"

"पयल्या दोन घेतल्या. उलट्या झाल्या. मंग आत्याबाई म्हणे, नोको घेऊ."

तिची सासू पार्बताबाई ओसरीत तूर निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. "मीच म्हटलं. गोळ्याईनं पोट्टं पोटात मोठं होते, मंग सिजर करा लागते. समद्या गावाले मालूम हाय. तुमी यायच्या आंधी गोळ्या काढून उकिरड्यावर टाकत होतो."

"अन मी आली की मले रिकामं पाकीट दाखवत होत्या?"

"तुमी पाकीटच पायत होत्या, बाई. पाकीट तं रिकामं होतं."

ज्योत्स्ना उठली आणि बाहेर पडली. 

दुसऱ्या दिवसापासून तिनं दवाखान्यातून सुट्टी घेतली आणि जुन्या यादीतल्या बायकांकडे एकेक करून जाऊ लागली. काही माहेरी, काही सुरत-पुण्याकडे गेल्या होत्या. ज्या सापडल्या त्यांना ती एवढंच म्हणे, मी रागावणार नाही, खरं सांगा. एकीनं गोळ्या नणंदेला दिल्या होत्या. एकीला शौचाला काळं झालं म्हणून ती घाबरली होती, आणि लोहाच्या गोळीनं हे होतंच, भ्यायचं नाही, असं तिला कोणीच सांगितलं नव्हतं. एकीचा नवरा म्हणे, सरकारी गोळ्यांनी मूल काळं होतं. दोन आठवड्यांत ती एक्केचाळीस घरी गेली आणि त्यातल्या तेवीस जणींनी निम्म्याहून जास्त गोळ्या टाकल्याचं कबूल केलं. अठरा जणींनी शपथेवर सांगितलं की सगळ्या घेतल्या. त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा हे तिला आता कळत नव्हतं.

तोवर चमूचा अहवाल तयार झाला होता. दोन्ही गटांतल्या मुलांच्या किडन्यांत लक्षात येण्यासारखा फरक आढळला नाही, असं त्यात होतं. गोळ्या पोटात गेल्याच नव्हत्या तर फरक दिसणार कसा, म्हणून ज्योत्स्ना यादी घेऊन अकोल्याला गेली. तिथं काय झालं ते तिनं मला दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन सांगितलं. 

डॉ. शेखर यांनी यादी नीट वाचली. म्हणाले, "ज्योत्स्नाताई, हे मी आकड्यांमध्ये घालू शकत नाही."

"काहून, सर?"

"आठ वर्षांनी विचारलेलं आहे. मूल आजारी निघालं की आई आठवून आठवून सांगते, मी गोळ्या घेतल्या नाहीत. मूल धडधाकट असलं की तिला सगळ्या घेतल्याच आठवतात. ही आठवण पुरावा म्हणून चालत नाही."

तिला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त राग आला. ती म्हणाली, "मंग जे लिहिलं हाय ते तरी पुरावा कसं, सर? ते खोटं हाय."

"तुम्हाला तेव्हा कधी शंका आली नाही?"

  तिला शंका आली होती. एकदा एका घरी चुलीच्या राखेत तिनं लाल गोळ्या पाहिल्या होत्या. तरी वहीत पंधरा लिहिलं. ज्या कार्यकर्तीच्या गावात आकडे कमी येत तिला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करून विचारत, तुम्ही बायकांना समजावत नाही का. एकदा ती उभी राहिली होती. पुन्हा उभं राहायचं नव्हतं.

हे तिनं डॉक्टरांना सांगून टाकलं. ते काही बोलणार तोच तिनं रागिणीची फाईल उघडून त्यांच्यापुढं सरकवली. आठव्या महिन्यातली रक्ततपासणी. हिमोग्लोबिन सात पॉइंट आठ, हवं किमान अकरा.

"माझ्या वहीत एकशेसत्तर गोळ्या, अन रक्तात सात पॉइंट आठ. हे तं तुमच्याजवळच होतं, सर. मी बारावी शिकलेली बाई. तुमाले कोणालेच दिसलं नाई?"

डॉक्टर म्हणाले की कमी हिमोग्लोबिनची दुसरी कारणंही असू शकतात, जंत, सिकलसेल, कितीतरी. ती म्हणाली, असतील, पण विचारलं कोणी? जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांतून आईच्या शरीरात लोह आणि फोलेट किती होतं ते आजही कळलं असतं. पण नमुन्यांचा फ्रीझर एका उन्हाळ्यात वीज जाऊन बंद पडला होता आणि नमुने नासले होते. हे ऐकून ती हसली म्हणे. रडायचं तर डॉक्टरांसमोर रडायचं नव्हतं.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. अहवालाच्या शेवटच्या पानावर त्यांनी दोन ओळी वाढवल्या. गोळ्या प्रत्यक्षात किती घेतल्या गेल्या याबद्दल शंका आहे, त्यामुळे निष्कर्ष जपून वाचावा. ते शेवटचं पान कोणी वाचलं नाही. महिन्याभरानं एका स्थानिक पेपरात मथळा आला, 'गरोदरपणातील गोळ्यांचा मुलांच्या किडनीवर परिणाम नाही'.

पेपर आमच्या गावात पोचला. पार्बताबाईला वाचता येत नाही, पण तिनं तो कोणाकडून तरी वाचून घेतला, आणि तिची धाकटी सून आचल तेव्हा चौथ्या महिन्यात होती. ज्योत्स्ना आपली आपणच तिच्यासाठी गोळ्या घेऊन गेली. तेव्हा पार्बताबाईनं दारातच सांगितलं, "पेपरात आलं, बाई. गोळ्याईनं काई होत नाई. आता तुमी कायले तरास घेता?"

"मावशी, पेपरात चूक छापलं हाय."

"मंग छापणाऱ्याले जाऊन सांगा."

त्या दिवशी ज्योत्स्ना शाळेत येऊन माझ्या खुर्चीसमोर बसली आणि म्हणाली, "मास्तर, म्या आठ वर्षांआंधी खोटं लिहिलं तं कोणी काई म्हटलं नाई. आता खरं सांगून राहिली तं दारात उभं करत नाईत."  मी चहा मागवला. तिनं तो घेतला नाही.

पण पार्बताबाईच्या घरात एक माणूस बदललं होतं. रागिणी. खुशीला दर तीन महिन्यांनी अमरावतीला न्यावं लागत होतं, रोज बीपीची अर्धी गोळी, मिठावर बंधन.  रागिणीनं ज्योत्स्नाला निरोप पाठवला, पाकिटं माझ्याजवळ देऊन जा. आचलचं रात्रीचं जेवण झालं की रागिणी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन तिच्यासमोर उभी राही. गिळल्याशिवाय हलत नसे. पहिल्या आठवड्यात उलट्या झाल्या तेव्हा तिनंच ज्योत्स्नाला फोन करून विचारलं, काय करू? जेवणाआधी देऊ नको, झोपताना दे, चहासोबत मुळीच नको, ज्योत्स्नानं सांगितलं. सासू महिनाभर रागिणीशी बोलली नाही. रागिणीनं बोलायला लावलंही नाही.

या मार्चमध्ये आचलला मुलगा झाला, दिवस पूर्ण भरून, वजन दोन किलो आठशे. सिजर करावं लागलं नाही. पार्बताबाई म्हणाली, देवाची कृपा. ज्योत्स्ना दवाखान्यात बाळ बघून आली तेव्हा मी तिला विचारलं, आता तरी समाधान वाटतं का. ती चिडली. म्हणाली, या पोराच्या किडन्या चांगल्या असतील तर ते गोळ्यांनी झालं, का त्याच्या नशिबानं, हे एका पोरावरून कोणालाच कळणार नाही. ते ज्या दोनशे बारा पोरांवरून कळलं असतं, ती संधी आपण सगळ्यांनी मिळून मातीत घातली.

चमू आता नव्या बायकांवर नवा अभ्यास करणार आहे. या वेळी दर महिन्याला रक्तही तपासणार आहेत. ज्योत्स्नाला पुन्हा बोलावणं आलंय. तिनं अट घातली आहे की कमी आकडा लिहिणाऱ्या कोणालाही मीटिंगमध्ये उभं करायचं नाही, आणि हे लेखी द्यायचं. तीन आठवडे झाले, अकोल्याहून अजून उत्तर आलेलं नाही. खुशी चौथीत गेली. परवाच्या तपासणीत तिच्या लघवीतली प्रथिनं थोडी वाढलेली निघाली.