दादाचा इंग्रजीचा तास

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंचरच्या बाजारात मेथीच्या जुड्या बघत होते. भाचा एवढंच बोलू शकला, "आत्या, बाबा गेलं..." हातातली जुडी खाली ठेवून मी भाजीवालीला उगाचच "नंतर येते" म्हणाले.

माझा हा थोरला भाऊ डिंभ्याकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचा. डोंगरातल्या वाड्यांवरून येणारी पोरं लांबलचक शब्द दिसला की अर्धमेली व्हायची. म्हणून दादा त्यांना मैदानात नेई आणि गळ्यात शब्दाचे तुकडे लिहिलेले पुठ्ठे अडकवून रांगेत उभी करी. मधली पोरगी 'कम्फर्ट', तिच्यामागे 'एबल' येऊन उभा राहिला की सगळं आरामशीर. मग पुढून 'अन' येऊन चिकटायचा आणि आराम संपला! "सर, ह्यानी समदी वाट लावली," मधली ओरडायची. दादा हसत सांगायचा, "लांब शब्दाला भ्यायचं नाय. आधी मधलं माणूस वळखा, मग पुढं कोण आलं, मागं कोण आलं ते बघा."

शाळेच्या अध्यक्षांना हा पोरखेळ वाटला. मंचरची पोरं बाकावर बसून शिकतात, आपली धुळीत उभी, असं गावातही बोललं जाऊ लागलं. शिक्षण कसं, दिसायला पाहिजे ना! अध्यक्षांनी वर्गात टीव्ही लावला, दादाचा तास काढून घेतला आणि त्याला खिचडीच्या देखरेखीवर बसवलं. निवृत्तीनंतरही तो आठवड्याला एक तास फुकट शिकवू द्या म्हणत राहिला. "बघू, सर," एवढंच उत्तर. त्या 'बघू'नेच माझा भाऊ खचला, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

आपल्याकडे दशक्रियेला पिंड मांडले की भाषणांना ऊत येतो. घोडनदीच्या घाटावर हेच अध्यक्ष माईक धरून म्हणाले, "सर म्हंजे आमच्या शाळेचा आत्मा व्हते!" मी दातओठ खात ऐकत होते. पण कावळा काही शिवेना. "आईला सांभाळीन," भाचा म्हणाला. वहिनीने नातवंडांची नावं घेतली. कावळे झाडावरून हलेनात. ऊन चढलं, पाहुणे चुळबुळू लागले. तेव्हा अध्यक्ष पुढे झाले, पिंडाला हात जोडून म्हणाले, "सर, तुमचा इंग्लिशचा तास सोमवारपासून सुरू करतो. मैदानातच. शब्द देतो."

आणि कावळा झेपावला... वहिनी हमसून रडली. मीही रडले. त्या क्षणी मला अध्यक्षांचासुद्धा राग उरला नव्हता.

तो सोमवार गेला, पुढचेही गेले. शेवटी मी शाळेत जाऊन थडकले. वर्गात टीव्ही बोलत होता आणि पोरं पेंगत होती. अध्यक्षांनी चहा मागवला. मी तासाचा विषय काढला तर लहान मुलीची समजूत घालावी तसे म्हणाले, "ताई, कावळा शिवला ना? मंग झालं की."

चहा तसाच ठेवून मी बाहेर आले. मैदानातल्या चिंचेखाली, जिथं पोरांची रांग लागायची, तिथं अध्यक्षांची गाडी सावलीला उभी होती. जिवंतपणी दादा या माणसाच्या बोलण्यावर कधी विसंबला नव्हता. मेल्यावर विसंबला, आणि फसला.