निलूमावशीला कुणी सांगितलं

हो, निलूमावशीला कॅन्सरचं मीच सांगितलं.

काल पहाटे ती गेली. दुपारपासून आमच्या फणसवाडीच्या जिन्यात कुजबुज चालू आहे की, शेजारणीने आगाऊपणा केला नसता तर बिचारीचे शेवटचे महिने तरी सुखात गेले असते.

म्हणून इथे लिहितेय. सगळ्यांना एकदमच वाचता येईल.

जे तिला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी: मावशी आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. लहानपणापासून ऐकू कमी यायचं, पुढे तेही पूर्ण गेलं. चाळिशीत डोळे गेले. बोलायची मात्र ठणठणीत. तिचा आवाज अख्ख्या वाडीला ऐकू जायचा, तिला सोडून.

आपण तिच्याशी बोलायचं ते तिच्या तळहातावर. बोटाने एकेक अक्षर काढायचं, अनुस्वार टोचायचा, शब्द संपला की हात पुसायचा. आमच्या मजल्यावरची निम्मी पोरं मुळाक्षरं तिच्या हातावरच शिकली.

तिची आई गेल्यावर ती एकटी राहिली, स्वतःच्या हट्टाने. गॅलरीत भिंतीलगत कुणी काही ठेवायचं नाही, हा तिचा कायदा. एका नव्या भाडेकरूने तिथे कुंडी ठेवली. मावशीला ठेच लागली. तिने मुकाट्याने कुंडी उचलली आणि चाचपत त्याच्याच उंबरठ्यात नेऊन ठेवली. संध्याकाळी तो सपशेल आडवा झाला. पुढे दोघांचं छान जमलं.

हिला तुम्ही बिचारी म्हणताय.

तर परळच्या हॉस्पिटलात रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरांनी तिच्या भाच्याला, मिलिंदला, बाहेर बोलावलं. मीही गेले. पोटाचा कॅन्सर, पसरलेला. ऑपरेशन केलं तर थोडे दिवस वाढतील, पण ते बेडवरच जातील.

मिलिंद रडला. मग डोळे पुसून मला म्हणाला की तिला यातलं काही कळता कामा नये, आधीच काय कमी भोगलंय तिने. डॉक्टरांचंही तेच मत पडलं.

मिलिंद वाईट नाही. त्याचा मावशीवर जीव होता, मी बघितलंय.

आत गेलो. मावशीने हात पुढे केला. "काय म्हणाला डॉक्टर?"

मिलिंदने लिहिलं, बरी होशील.

तिने त्याचा हात सोडला नाही. उलटसुलट करून चाचपला.

"मग तुझा हात एवढा गार का पडलाय?"

तोंडाने थाप मारणं सोपं असतं हो. मिलिंद हात सोडवून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

मग तोच तळहात माझ्याकडे वळला.

मी लिहायला लागले. अर्ध्या शब्दावर माझं बोट थांबलं.

"पूर्ण लिही," ती म्हणाली.

मी पूर्ण लिहिलं. पसरलाय, हेही लिहिलं.

तिने तळहात मिटून घेतला. मग अख्खा वॉर्ड वळून बघेल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या पोटात काय आहे ते तुम्हा सगळ्यांना माहीत, आणि मलाच नाही? डॉक्टरला बोलाव."

डॉक्टर आले. तिने प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं मी तिच्या हातावर लिहीत गेले. ऑपरेशन नको, दुखेल त्यावर औषध हवं, मरायचं ते घरी. हे तिने ठरवलं. मी नाही, मिलिंदने नाही.

सुखात गेले का ते महिने? नाही गेले. पहिले काही दिवस ती हमसून हमसून रडली. एकदा कपबशी भिंतीवर फेकली. तुकडे वेचताना मीही रडत होते. पण ते रडणंही तिचंच होतं, ते लपवून ठेवायचा मला काय अधिकार?

मग एका सकाळी म्हणाली, प्रज्ञाला बोलव.

प्रज्ञा परळची, तिशीतली. तिचंही मावशीसारखंच, कान आधी गेले, डोळे आत्ता. अशा लोकांचा दादरला रविवारी ग्रुप जमतो, तिथली यांची ओळख. डोळे गेल्यापासून घरचे प्रज्ञाला गॅसजवळ फिरकू देत नव्हते आणि मावशी त्यावरून कधीची धुमसत होती.

प्रज्ञा रोज यायला लागली. मावशी ओट्याशी खुर्ची टाकून बसायची, प्रज्ञाचे हात आपल्या हातात घेऊन. आच किती ते तळव्याने, कांदा झाला का ते वासाने. एकदा प्रज्ञाचं बोट भाजलं आणि तिची आई दारातून धावत आली. मावशीने प्रज्ञाच्या हातावर लिहिलं, नळाखाली धर आणि परत ये.

गेल्या आठवड्यात प्रज्ञाने एकटीने सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची, खिचडी केली. खाली जरा लागली होती. मावशीला दोनच घास गेले. मीठ कमी आहे, असं तिने प्रज्ञाला लिहून कळवलं.

मी गप्प बसले असते ना, तर मावशी "शिकवू सावकाश" म्हणत राहिली असती.

काल सकाळी प्रज्ञा नेहमीसारखी आली, आईचा हात धरून. तिच्या आईने आत डोकावून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. आज हिला नका सांगू, म्हणाली. मावशी गावाला गेली म्हणू, मग हळूहळू सांगू.

प्रज्ञा आमच्या मध्ये उभी होती. गर्दी तिला कळली होती. तिने हात पुढे केला.

मी म्हटलं, "ताई, तुम्ही लिहा. नाहीतर मी लिहिते."

माझ्याआधी मिलिंद उठला. मावशीच्या उशाशी बसला होता तो. त्याने प्रज्ञाचा हात धरला आणि लिहिलं, मावशी गेली.

प्रज्ञाने विचारलं, "घरीच ना?"

त्याने लिहिलं. हो. घरी. तिला हवं तसं.

निलूमावशी, नमस्कार गं. जिन्यातल्या लोकांशी भांडायला आज तू हवी होतीस.