उजव्या डोळ्याची घडी

निघायच्या दिवशी अब्बांनी मला पडवीत खुर्चीवर बसवलं आणि आतून सुरमेदानी मागवली. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघालेल्याच्या डोळ्यांत घरातलं मोठं माणूस सुरमा घालतं. अब्बा आखातात जायचे तेव्हा दादी घालायची. आता जाणारी मी होते, म्हणून सळई अब्बांच्या हातात होती. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता, अम्मी सांदणांचा डबा बॅगेत कोंबत होती, आणि अब्बा मात्र अगदी सावकाश. डावा डोळा झटकन झाला. उजव्यापाशी ते थांबले. माझ्या उजव्या डोळ्याच्या पापणीला घडी नव्हती, त्यामुळे ती पडद्यासारखी खाली उतरलेली असायची. अब्बांनी अंगठ्याने ती हलकेच वर उचलली, सळई फिरवली आणि म्हणाले, "हा डोळा माझा आहे गो बाय. उघडायला वेळ लावतो."

सगळे हसले. मीही हसले. रडू यायच्या आधी हसून घेतलेलं बरं असतं.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांसाठीही. मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे आपल्याला एखादी गोष्ट खरंच कळलीय की नुसती कळल्यासारखी वाटतेय, ही शंका मला सारखी असते.

तर तो डोळा. डावा अम्मीसारखा, पापणीवर बारीक रेघ असलेला. उजवा अब्बांसारखा. त्यांचे दोन्ही तसेच. खाडीपलीकडच्या बाजारात मी एकटी गेले तरी मासेवाली मला बघून म्हणायची, "ड्रायव्हरची ना तू?" अब्बा शारजात एका कंपनीची बस चालवायचे. कामगारांना सकाळी दुबईला न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. बसमध्ये ते मोठमोठ्याने गायचे, असं सुट्टीवर येणारा प्रत्येक जण सांगायचा. पाठीच्या दुखण्याने ते कायमचे घरी आले, आणि घरी मात्र कधी गायले नाहीत. अम्मी म्हणायची, वय झालं.

मी शारजात मामूंकडे राहते. कॉलेज दुबईत आहे, म्हणजे रोज त्याच रस्त्यावरून आणि त्याच ट्रॅफिकमधून. पहिल्या महिन्यात मला कळलं, की गावात ज्या डोळ्यावरून लोक माझं घर ओळखायचे, त्याच्याबद्दल इथे मला खुलासा द्यावा लागणार. दुकानदार मला "कबायन" म्हणून हाक मारायचे. फिलिपिन्सच्या लोकांना इथे तसं म्हणतात. मी हिंदीत उत्तर दिलं की ते गोंधळायचे. त्याचं मला एवढं वाटलं नाही, उलट गंमत वाटायची. वाईट वाटायचं वर्गात. एक सर शिकवता शिकवता थांबून विचारायचे, "आर यू विथ अस?" मी पहिल्या बाकावर बसून शब्दन् शब्द लिहून घेत असायचे. ग्रुप प्रेझेंटेशनच्या वेळी एका मुलाने सुचवलं, की हिने बोलू नये, ही बोअर झाल्यासारखी दिसते. तो वाईट मुलगा नव्हता. त्याने खरंच जे दिसलं ते सांगितलं. घरी आल्यावर मी बाथरूमच्या आरशात भुवया उंच करून बोलायचा सराव केला. कपाळ दुखायला लागलं, एवढंच.

माझी मैत्रीण जॉय खरोखरची कबायन आहे, मनिलाची. ती इंटरनॅशनल सिटीत राहते. एके दिवशी ती मला जवळच्या ड्रॅगन मार्टला, चिनी दुकानांच्या बाजारात, घेऊन गेली आणि एक छोटं पाकीट हातात ठेवलं. त्यात चंद्रकोरीच्या आकाराच्या पारदर्शक पट्ट्या होत्या. पापणीवर चिकटवायच्या, की घडी पडते. तिने तिथेच लावून दिली. दुकानातल्या आरशात मी बघितलं, तर दोन्ही डोळे सारखे! मला वाटलं होतं मी वेगळी दिसेन. मी फक्त जागी दिसत होते.

त्या पट्टीत एक अडचण होती, जी जॉयला कधी आली नसती. वुजू, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड धुणं. दुपारी जुहरला चेहरा धुतला की पट्टी सुटायची, अस्रला पुन्हा, मगरीबला पुन्हा. कॉलेजच्या प्रेयर रूममध्ये मी नळाखाली तोंड धुऊन वर बघायचे, तर पट्टी गालावर. एकदा घरी ती बेसिनमध्ये राहिली आणि मामीने ओरडून मामूंना बोलावलं, "अहो, हा कसल्या किड्याचा पंख आहे बघा!" मामूंनी चष्मा लावून तपासणी केली. मला कबूल करावं लागलं. मामीने पट्टी उजेडात धरली, मग माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या आवाजात एकदम मऊपणा आला. "एवढं लागतं होय गो तुला ते?"

पापणीला घडी घालायचं ऑपरेशन असतं, त्याबद्दल मी तिलाच पहिल्यांदा बोलले. अर्धवेळ कामाचे साठवलेले पैसे आहेत म्हटल्यावर ती लगेच दिरहमचे रुपये करायला लागली, पण सोबत यायला तयार झाली. पहिल्या क्लिनिकमध्ये एका मुलीने आम्हाला टॅबलेटवर फोटो दाखवले, आधीचे आणि नंतरचे. नंतरचे सगळे डोळे एकसारखे होते, मोठे, उंच घडीचे. तिने सुचवलं की दोन्ही डोळ्यांना चीर देऊन उंच घडी करू या, ती कायमची राहील. मामी माझ्या कानात म्हणाली, "ह्या सगळ्या बहिणी आहेत का एकमेकींच्या?" मी विचार करते म्हणून उठले. विचार कसला, मी घाबरले होते.

दुसरी डॉक्टर जॉयच्या ओळखीतून मिळाली. बाई होती, पन्नाशीची, हळू बोलणारी. तिने टॅबलेट काढलाच नाही. आधी तिने मला वर, खाली बघायला लावलं आणि पापणी उचलणारा स्नायू तपासला. तो कमजोर असता तर वेगळं काम करावं लागलं असतं. माझा ठीक होता. कातडी फक्त दुमडत नव्हती. मग तिने एक बारीक वाकडी तार पापणीवर टेकवली आणि मला डोळा उघडायला सांगितलं. तार होती तिथे घडी पडली. तिने तार थोडी वर सरकवली, घडी मोठी झाली, आणि आरशात मला ती पहिल्या क्लिनिकमधली बहीण दिसली. मग अगदी खाली आणली. तिथे माझा डावा डोळा आणि उजवा डोळा एकमेकांना ओळखायला लागले.

"नॅचरल हवं असेल तर नमुना तुमच्याच चेहऱ्यावर आहे," ती म्हणाली. "डाव्याला हात लावायचा नाही. उजवा फक्त त्याच्यासारखा करायचा."

तिने दोन्ही पद्धती समजावल्या. चीर दिली तर घडी पक्की होते, पण डोळा मिटला की तिथे बारीक रेघ दिसते. बऱ्याच जणांची ती पुढे फिकी होते, सगळ्यांची पूर्ण जात नाही. दुसरी पद्धत दोऱ्याची. सुईच्या टोकाएवढी छिद्रं पाडून केसासारखा दोरा आतल्या आत ओवायचा, पापणीची कातडी आतल्या थराला अडकवायची आणि गाठ आत लपवायची. सूज कमी, पण काही वर्षांनी दोरा सैल पडून घडी जाऊ शकते. जाड, चरबी असलेल्या पापणीला हे टिकत नाही. माझी पातळ होती, चालण्यासारखी. मामी म्हणाली, "सैल पडणार असेल तर काय उपयोग? एकदाच काय ते खलास करून टाक." तिचं बरोबरच होतं. कुणीही हिशोबी माणूस तेच म्हणेल.

मी विचारलं, "दोऱ्याच्या पद्धतीत डोळा मिटल्यावर काय दिसतं?"

"काहीच नाही," डॉक्टर म्हणाली. "मिटल्यावर आत्ता आहे तशीच पापणी."

मी तिथेच ठरवलं. का ते मामीला सांगितलं नाही, मोठ्याने बोलायला मला संकोच वाटला. मला फक्त एकाच गोष्टीची भीती होती. अब्बांना वाटेल, आम्ही हिला आमचं तोंड दिलं आणि हिने शहरात जाऊन ते पुसून टाकलं. चीर देऊन अब्बांचा डोळा कायमचा काढून टाकणं मला जमलं नसतं. मिटल्यावर तो तिथे असेल, तर मी त्यांच्यासमोर बसू शकेन असं वाटलं. तरी त्यांना आधी सांगायचा धीर झाला नाही. सूज उतरली की सांगू, इन्शाल्ला, असं मनाशी म्हटलं.

ऑपरेशनमध्ये मी जागीच होते. मधेच डॉक्टरने मला उठवून बसवलं, उघडझाप करायला लावली, दोन्ही डोळे ताडून पाहिले आणि एक गाठ सोडून पुन्हा बांधली. तेवढंच. घरी येऊन बर्फाची पिशवी लावून मी झोपले.

मामीने कुणालाच सांगितलं नाही. फक्त तिच्या बहिणीला. बहिणीने आमच्या गावच्या जमातीच्या ग्रुपवर टाकलं: ड्रायव्हरच्या मुलीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुआ करा. तुम्हाला आमची जमात माहीतच आहे. इकडे गावचं कुणी आजारी पडलं की शुक्रवारच्या नमाजनंतर माणसं दारात उभी असतात. तशी ती आली. द्राक्षं, केळी, बिर्याणीचं पातेलं, आणि उम्म अल कुवैनहून खास आलेले हुसेन चाचा, अब्बांचे जुने सोबती. खोलीत बसायला जागा उरली नाही.

चाचांनी खुर्ची ओढून माझ्यासमोर घेतली. "कुठला डोळा गो?"

"उजवा."

"पट्टी कुठाय?"

"टाके आतून आहेत, चाचा."

ते इतके जवळ आले की त्यांचं अत्तर माझ्या नाकात गेलं. "काही दिसत नाही ब्वा. थोडा सुजलाय. रांजणवाडी आल्यासारखा." त्यांनी हात वर केला. "ही बोटं किती?"

"चाचा, माझी नजर चांगली होती."

"मग ऑपरेशन कशाचं?"

मामीच पुढे आली. "पापणीचं हो. सारखी झोप आल्यासारखी दिसायची पोर."

"मग झोपायचं ना!" चाचा म्हणाले, आणि सगळे जे हसले, त्यात मीही हसले, आणि पापणी दुखली.

तेवढ्यात फोन वाजला. अब्बांचा व्हिडिओ कॉल. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं.

"काय गो बाय," अब्बा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "इथे बायका यासीन पढायला बसल्यात. तुझ्या अम्मीने सकाळपासून काही खाल्लं नाही. नजर गेली काय तुझी?"

मी पुष्कळ वाक्यं तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही आलं नाही. "नजर ठीक आहे, अब्बा. तुमच्यासारखी पापणी होती ना, तिला घडी घातली."

त्यांच्या मागून बायकांच्या कुराण पढण्याचा आवाज येत होता.

"कापली?"

"नाही. दोऱ्याने. आतून."

"मिट बघू डोळे."

मी मिटले. खूप वेळ गेला असं वाटलं. मग अब्बांचा आवाज आला, "आहे. आहे तशीच आहे." आणि थोड्या वेळाने, "आता उघड."

मी उघडले. त्यांनी फोन जवळ घेतला, इतका की मला त्यांचे फक्त ते दोन उतरलेले डोळे दिसत होते. "तुझ्या अम्मीचा झाला," ते म्हणाले. "बरं दिसतंय. आता कुणी हाक मारून विचारणार नाही."

"काय विचारणार नाही?"

"झोपलीस का म्हणून. मला बसमध्ये रोज विचारायचे. सगळ्या आरशांतून माझ्याकडेच बघत बसायचे. एकाने तर ऑफिसात तक्रार केली, ड्रायव्हर झोपून गाडी चालवतो. तेव्हापासून गायला लागलो. आवाज येतोय म्हणजे जागा आहे, एवढं तरी कळेल त्यांना." ते हसले. "मला काय गाणं येत होतं? त्या वेळी कुणी सांगितलं असतं, की अशी घडी घालता येते, तर मीपण घालून आलो असतो."

दारापलीकडून चाचा ओरडत होते, "यल्ला, चला, बिर्याणी गार होतेय!" इतकी वर्षं आम्ही सगळे समजत होतो की अब्बांना गाण्याचा शौक होता.

सूज गेली. वर्गातले सर आता थांबत नाहीत. डोळ्यात काय बदललं ते कुणाला सांगता येत नाही. प्रेझेंटेशनमध्ये मी बोलू नये म्हणणारा तो मुलगा एवढंच म्हणाला, की हल्ली तू नीट झोपतेस वाटतं. दुकानदार अजूनही कधी कधी कबायन म्हणतात. मी मान डोलावते. शारजाच्या रस्त्यावर बस अडकली की मी ड्रायव्हरच्या आरशाकडे बघत नाही.

सुट्टीत घरी गेले तेव्हा अम्मीने माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला, आणि मग जेवायला वाढलं. बाजारात मासेवाली जरा थांबली, पण "ड्रायव्हरची ना?" तिने विचारलंच. कदाचित चालण्यावरून ओळखलं असेल. मी विचारलं नाही.

परत निघायच्या दिवशी पुन्हा पडवीत खुर्ची, पुन्हा बाहेर हॉर्न. अब्बांनी डावा डोळा झटकन केला. उजव्यापाशी आले आणि सवयीने त्यांचा अंगठा पुढे झाला. आता उचलायला काही नव्हतं. डोळा उघडाच होता. अंगठा माझ्या भुवईपाशी घुटमळला. त्यांनाही ते कळलं असावं.

इकडे आल्यापासून घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मला सांगता येत नाही. मामूंचा फ्लॅट घर आहे, कॉलेजच्या प्रेयर रूमचा नळसुद्धा थोडा घर आहे. पण त्या दिवशी पडवीत मी एवढंच केलं, की उजवी पापणी जराशी खाली सोडली. अब्बांनी ती अंगठ्याने हलकेच वर उचलली आणि सळई फिरवली. नेहमीसारखा वेळ लागला.