अकराशिवाय न चालणारं स्टेपलर

"मशीन सकाळी चालत न्हाई," सलीमभाई फोनवर म्हणाले. "दुपारी चालतं."

शिरूरच्या एका डीलरकडे मी सर्व्हिस इंजिनिअर आहे. हवेवर चालणारी अवजारं दुरुस्त करतो. बंद पडलेली मशीन पुष्कळ पाहिली, पण वेळ पाळून बंद पडणारं हे पहिलंच.

सलीमभाई केडगावचे. लाकडी फ्लोअरिंग बसवतात. राहू गावच्या आप्पांनी तिथे बॅडमिंटन हॉल बांधला होता आणि त्यातलं फ्लोअरिंग हे सलीमभाईंचं पहिलं मोठं काम. त्यासाठीचं स्टेपलर मीच त्यांच्या गळ्यात मारलं होतं. "डोळे झाकून घ्या," असं म्हणालो होतो. हे स्टेपलर फळीच्या कडेवर टेकवायचं आणि वर हातोड्याचा एक ठोका द्यायचा. कॉम्प्रेसरची हवा आतला पिस्टन ढकलते आणि पिन फळीत तिरकी घुसते. हातानं खिळे मारले तर फळ्या फुटत होत्या, त्यामुळे सगळी भिस्त मशीनवर.

रविवारी उद्घाटन होतं. बुधवारी अर्ध्या हॉलला फळ्या बसायच्याच होत्या. शुक्रवारी काम वेगात दिसलं नाही तर पुण्याची माणसं आणणार, असं आप्पांनी सांगून टाकलं होतं.

बुधवारीच दुपारी सलीमभाई मशीन बाइकवर बांधून शिरूरला आले. मी हवा जोडली. ठक, ठक, ठक. वीस पिना मारल्या, एकही अडकली नाही.

"तुमच्यासमोर कसं शहाण्यासारखं वागतंय," सलीमभाई मशीनकडे रागानं बघत म्हणाले.

वर्कशॉपमध्ये खोबरेल तेलाचा वास येत होता. सलीमभाईंचे केस चकचकीत बसवलेले होते, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. पिनांचा बॉक्स बदलून दिला आणि मोठ्या रुबाबात सांगितलं, "आता बघाच."

गुरुवारी सकाळी आठला फोन. "बघितलं. बंद हाय."

आमचे साहेब म्हणाले, "रिपोर्टमध्ये 'ग्राहकाची चूक' लिहा आणि फाइल बंद करा."

"कुठली चूक, साहेब?"

"ती नंतर शोधा."

शुक्रवारी पहाटेच निघालो. डिसेंबरची थंडी, राहूला पोचेपर्यंत हाताची बोटं माझी राहिली नव्हती. आप्पा कानटोपी घालून हॉलच्या दारात चहा पीत बसले होते. "इंजिनिअर, हे मशीन सरकारी हाय का?" त्यांनी विचारलं. "अकराशिवाय हात हलवत न्हाई."

मी ठोका दिला. फुस्स. पिन आतच. मशीनच्या डोक्यावरचे स्क्रू काढून झाकण उचललं आणि बघतच राहिलो. पिस्टनभोवती पांढरं, तुपासारखं घट्ट काहीतरी बसलं होतं. वास घेतला. डोक्यात प्रकाश पडला.

"सलीमभाई, यात तेल कुठलं घालता?"

"तुम्हीच सांगितलेलं की. रोज संध्याकाळी दोन थेंब, चांगल्यातलं. आमच्या घरात याच्यापेक्षा चांगलं न्हाई. अम्मीच्या डोक्याला हेच लागतं. मी दोनाच्या जागी दहा थेंब घालतो."

रात्रभर थंडीत ते तेल गोठायचं आणि पिस्टनला धरून ठेवायचं. ऊन चढलं की वितळायचं. शिरूरला तर मशीन भर उन्हातूनच आलं होतं. मशीनला काहीही झालेलं नव्हतं, फक्त त्याची बडदास्त जरा जास्त ठेवली जात होती.

मला हसू आवरेना आणि लाजही वाटली. पिस्टन आणि रबरी रिंगा पुसून काढल्या, मशीनचं पातळ तेल घातलं. सव्वाआठला पहिली पिन बसली. आप्पांनी कप खाली ठेवला, दहा फळ्या होईपर्यंत उभे राहून पाहिलं आणि म्हणाले, "पुण्याला फोन न्हाई करत." सलीमभाईंनी वर न बघता पुढची फळी ओढली. शनिवारी संध्याकाळी शेवटची फळी बसली.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: सर्व्हिस इंजिनिअरने तेलाचं नाव सांगितलं नाही. साहेब माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला 'चांगलं तेल घाला' असं सांगत नाही, सरळ बाटली हातात देतो. चांगलं कशाला म्हणायचं, हे प्रत्येक घरात आपल्या आधीच ठरलेलं असतं.