डब्लिन ते हिंगणी, सतरा तास

वासुदेवराव हिंगणीत वारले, तेव्हा त्यांची लेक मंजुषा डब्लिनच्या एका इस्पितळात नर्स होती. फोन येताच तिने तिकीट काढलं. साडेसात हजारांवर किलोमीटरचं अंतर, दोह्याला विमान बदलायचं, नागपूरला उतरून पुढे गाडी; सगळं धरून सतरा-अठरा तास. भावाला, धनंजयला, तिने बजावून सांगितलं, की मी येईस्तोवर बाबांना ठेवा.

धनंजयने गावाला सांगितलं, "तिले यायले तीन दिवस लागतात." दुपारच्या आत त्याने अग्नी दिला. मंजुषाला ते दोह्याच्या विमानतळावर कळलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती पोचली, तर राख अजून कोमट होती.

ती भांडली नाही. वर्षभरात डब्लिनची नोकरी सोडून वर्ध्याला आली, नालवाडीत घर घेतलं आणि आईला, देवकाबाईंना, आपल्याकडे आणलं. धनंजयची पोरगी काजल नर्स झाली, तेव्हा तिला डब्लिनला जायची वाट आत्यानेच दाखवली. लोकांना वाटलं, मंजुषा विसरली.

काजलच्या बाळंतपणाला धनंजय बायकोसह तिकडे गेला आणि इकडे देवकाबाईंनी अंथरूण धरलं. आठव्या दिवशी पहाटे त्या गेल्या. मंजुषाने स्वतः भावाला फोन केला.

"मी निघालोच," तो रडत म्हणाला. "उद्या सकाळपर्यंत येतो. मायले ठेवजो, मंजू."

"तीन दिवस लागतात, दादा," मंजुषा म्हणाली आणि फोन ठेवला.

देवकाबाईंना हिंगणीला नेलं. बर्फाच्या पेटीची सोय होऊ शकत होती. भावकीतले चंद्रभानकाका दोनदा सांगून गेले, की पोरगा निघाला आहे, एका रात्रीचाच प्रश्न आहे. ती ऐकेना, तेव्हा म्हातारा एवढंच बोलला, "माय त्याचीई होती, बाई." मंजुषाने मडकं उचललं. अकराच्या सुमारास तिने अग्नी दिला, तेव्हा धनंजय अजून डब्लिनच्या विमानतळावरच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. सुजलेले डोळे, हातात बॅग. तो भांडेल म्हणून ती रात्रभर शब्द जुळवत बसली होती. पण तो पायरीवरच टेकला. आपण बापाच्या वेळी काय केलं, हे त्याला कुणी सांगायची गरज उरली नव्हती. बॅग बाजूला ठेवून त्याने विचारलं, "मायनं माही आठवण काढली का?"

शेवटच्या दोन दिवसांत देवकाबाईंच्या तोंडात धनूशिवाय दुसरं नाव नव्हतं. लेकीने पाणी पाजलं, तेव्हाही त्यांनी तिला धनूच म्हटलं होतं.

मंजुषाने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"नाई," ती म्हणाली.